सुरभीच्या तिकडच्या घरची माणसं

गोवऱ्यांचा धूर कडुनिंबाच्या फांद्यांत शिरला तसा मधुवंतीनं पदर खोचला आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "आज मोठे भाऊजी भाषण करतीन अन् बाकीचे काम करतीन. पाहुण्याइले कोणी ताट उचलू द्यायचं नाई."

"भाषण पण कामच असते," पंजाबराव खुर्चीतूनच म्हणाले.

ते तिचे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. बाजार समितीची एक निवडणूक जिंकलेले आणि दोन हरलेले. शेताच्या धुऱ्यावर, बांधाला, त्यांनी आदल्या दिवशीच मोठं बॅनर लावून घेतलं होतं, 'जर्मनीच्या पाहुण्यांचे दिग्रसनगरीत हार्दिक स्वागत'. त्यावर सर्वांत मोठा फोटो पंजाबरावांचा होता, त्याखाली पाहुण्यांचा, आणि जिच्यामुळे हे सारं घडत होतं त्या सुरभीचा, मधुवंतीच्या लेकीचा, फोटो कोपऱ्यात तिकिटाएवढा. मधुवंतीनं तो पाहिला होता. दोन वर्षांपूर्वी याच माणसानं घरात ठणकावून सांगितलं होतं की गावंड्यांची पोरगी परदेशात लोकांचे बेडपॅन उचलायला जाणार नाही. सासू रत्नप्रभाबाई मोठ्या लेकाच्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या. नवरा नंदकिशोर नेहमीप्रमाणे जमिनीकडे पाहत बसला होता. एकटी मधुवंती भांडली, आणि सुरभी नर्सिंग शिकायला जर्मनीला गेली. आज त्याच पंजाबरावांनी स्वतःच्या पैशानं बॅनर लावलं, यातच तिला आपली जीत दिसत होती.

पाहुणे म्हणजे रेनाटाबाई आणि त्यांचे यजमान क्लाउस. दोघंही साठीच्या पुढचे. सुरभीच्या ट्रेनिंग सेंटरनं परदेशातून आलेल्या प्रत्येक पोराला तिथल्या गावातलं एक कुटुंब जोडून दिलं होतं. रविवारी जेवायला बोलवा, सणाला घरी न्या, एकटं पडू देऊ नका, एवढंच त्या कुटुंबानं करायचं. सुरभीच्या वाट्याला हे जोडपं आलं. रेनाटाबाईंनी विणलेले पायमोजे, दिवाळीला त्यांनी खिडकीत लावलेल्या मेणबत्त्या, क्लाउसच्या हातचं बटाट्याचं सूप, हे सगळं मधुवंतीनं फोनवर ऐकलं होतं. हिंदुस्थान पाहायला येतोय असं त्यांनी कळवलं तेव्हाच तिनं ठरवलं, की ताजमहाल पाहा नाहीतर काहीही पाहा, पण दिग्रसला आल्याशिवाय जायचं नाही. यवतमाळला जाऊन तिनं स्वतः मोरपंखी साडी निवडली. जेवण घरात न ठेवता शेतात ठेवलं. निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वर हात सैल सोडून तूप. कापूस वेचायला आला होता, तूर फुलावर होती. दाखवण्यासारखं जे होतं ते सगळं इथंच होतं.

रेनाटाबाई खाटेवर बसून रत्नप्रभाबाईंचं पीठ मळणं पाहत होत्या. शेजारी मधुवंतीचा मुलगा सलील दुभाष्या म्हणून बसला होता. यवतमाळच्या कॉलेजात तो इंजिनिअरिंगला होता आणि इंग्रजीत त्याचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. परवा नागपूरहून पाहुण्यांना गाडीत घालून त्यानंच आणलं होतं. पण तेव्हापासून पोरगा जरा बिथरल्यासारखा वागतोय, हे मधुवंतीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पाहुण्यांना तो तिच्याजवळ एकटं सोडतच नव्हता.

रोडगे उलटायला म्हणून ती वाकली आणि एक निखारा तिच्या मनगटावर उडाला. "आई गं!" म्हणत तिनं हात झटकला.

तिच्याआधी रेनाटाबाईच उठल्या. त्यांनी तिचा हात धरला, तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं आणि अगदी सहज, वऱ्हाडी हेलात म्हणाल्या, "दुखून राह्यलं? हळू, हळू. होते आता कमी."

सगळे खो खो हसले. "अरे बाप्पा! जर्मन बाई तर आपल्यापेक्षा भारी बोलते!" पंजाबराव टाळी देत म्हणाले.

रेनाटाबाईही हसल्या आणि कौतुक होतंय म्हणून त्यांनी आपल्याला येणारे बाकीचेही शब्द बोटांवर मोजून म्हणून दाखवले. "पाणी. थोडंसं जेव. कुशीवर हो. रडू नको. आई येईन."

मधुवंतीही हसत होती. हसता हसता ती थांबली. परदेशी माणसाला कोणी शब्द शिकवलेच तर नमस्कार शिकवतं, धन्यवाद शिकवतं. फार तर एखादी शिवी. कुशीवर हो, हे कोण कोणाला शिकवतं? ते अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी बसल्याशिवाय कोणाच्या तोंडी येत नाही.

"सलील, विचार त्याइले. हे शब्द कुठी शिकल्या म्हणाव."

सलीलनं विचारलं. रेनाटाबाईंनी सुरभीचं नाव घेतलं आणि मग बरंच काही सांगितलं. त्यांचा चेहरा बोलताना गंभीर झाला, हात गुडघ्यापासून घोट्यापर्यंत गेला.

"सुरभीनं शिकवले म्हणते," सलील म्हणाला.

"बस? इतकंच?"

"हो."

"इतक्या मोठ्या बोलण्याचं इतकंच मराठी होते?" मधुवंतीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. घरात तो आवाज सगळ्यांना ओळखीचा होता. "त्याइच्या तोंडून हॉस्पिटल आलं. अॅक्सिडेंट आलं. ऑपरेशन आलं, प्लास्टर आलं. हे शब्द कळाले मले इंग्रजी शिका लागते का रे?"

सलीलनं बापाकडे पाहिलं. बापानं जमिनीकडे पाहिलं. परातीतलं पीठ मळून केव्हाच झालं होतं, तरी रत्नप्रभाबाई ते पुन्हा मळू लागल्या. मधुवंतीनं एकेकाकडे पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. काय झालं ते अजून कळायचं होतं. पण सगळ्यांना ते कळलेलं होतं आणि आपल्याला नव्हतं, एवढं स्पष्ट झालं.

"सुरभीचे बाबा," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सांगता का मी पाहुण्याइलेच विचारू?"

नंदकिशोरनं उपरण्यानं तोंड पुसलं. "पडलती ते. गेल्या हिवाळ्यात. बर्फावरून पाय घसरला. नडगीचं हाड मोडलं. रॉड टाकला. आता बिलकुल चांगली आहे, मधू. ड्युटीले जाऊन राह्यली."

"अन् मले?"

"तुझं बीपी..."

"बीपीची गोळी तुम्ही खाता. मी नाई खात."

"तू तिले वापस बोलावली असती," रत्नप्रभाबाई परातीतून मान वर न करता म्हणाल्या. "म्हणून पोट्टीनंच शपथ घातली आमाले. आईले सांगू नका म्हणे. आई तुटून जाईन."

हे मात्र मधुवंतीला लागलं. पाय मोडला याचं दुःख होतंच, पण ते वेगळं. हे वेगळंच काहीतरी होतं. "बरं आहे," ती म्हणाली. "पाठवाले भांडणारी मी, अन् तुटणारी पण मीच!"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पंजाबराव उठले होते आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे मलेही कोणी सांगतलं नाई! आई, तुले मालूम होतं, नंद्याले मालूम होतं, या कालच्या पोट्ट्याले मालूम होतं, अन् घरातल्या मोठ्या माणसाले नाई?" ते मधुवंतीच्या बाजूला येऊन उभे राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते तिच्या बाजूनं उभे होते. "सुरभीच्या आई, तुम्ही अन् मी, आपण दोघंच येडे ठरलो या घरात. मी पहिल्याच दिवशी म्हणलं होतं का नाई? परक्या मुलखात पोरीबाळीचं काही खरं नसते. बोलवा तिले वापस. आजच फोन लावा. मी आहे तुमच्यासंग."

मधुवंतीनं त्यांच्याकडे पाहिलं. नवरा, सासू, पोटचा पोरगा सारे पलीकडे, आणि अलीकडे तिच्यासोबत फक्त पंजाबराव! रागातही तिला हसू यायचं बाकी राहिलं.

"भाऊजी, मी चिडली आहे ते मले सांगतलं नाई म्हणून. पोरगी गेली म्हणून नाई चिडली. तुमची अन् माझी गाडी एका स्टेशनावर भेटली, पण रस्ते अलग आहेत." मग ती सलीलकडे वळली. "तू ऊठ तिथून. तुझं दुभाष्याचं काम संपलं. मले गाळून-चाळून नको. जसं आहे तसं सांगणारं माणूस पाह्यजे."

पण दुसरं इंग्रजी बोलणारं होतं कोण? रेनाटाबाई आणि क्लाउस गोंधळून एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होते. आपल्या बोलण्यानं काहीतरी बिघडलं, एवढं त्यांना कळलं होतं. तेवढ्यात भाजीच्या पातेल्याजवळून सलोनी उठली. पंजाबरावांची ही धाकटी मुलगी, नुकतीच बारावी झालेली. ओढणी नीट करत ती रेनाटाबाईंच्या समोर जाऊन बसली आणि अडखळत, शब्द जुळवत, पण थेट त्यांच्या भाषेत बोलू लागली.

रेनाटाबाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. क्लाउस खाटेवरून उठूनच उभा राहिला.

पंजाबराव दोन पावलं पुढं आले. "हे काय बोलून राह्यली? इंग्रजी आहे का हे?"

"जर्मन आहे," मधुवंती म्हणाली.

"कुठी शिकली?"

"माझ्या घरी. सुरभीच्या खोलीत. फोनवर क्लास चालते."

"म्हणजे ब्लाउज शिवाले शिकते म्हणून रोज दुपारी तुमच्याकडं येते, ते..."

"हो भाऊजी. ते हेच."

मग नंदकिशोर हळूच म्हणाला, "पाह्य मधू. आमाले बोलून राह्यली, अन् तू पण तर लपवलंच."

त्याचं बरोबर होतं, आणि मधुवंतीला ते लगेच पटलं. तिनं ते टोलवलं नाही. "लपवलं," ती जेठांना म्हणाली. "तुमच्या लेकीचं तुमच्यापासून लपवलं. तुमाले आता जसं वाटून राह्यलं, तसंच मले मघाशी वाटलं. चांगलं नाई वाटत. यापुढं या घरात हे बंद. मीही नाई करणार. तुमाले जे बोलायचं ते मले मागाहून बोला, पण आता जरा बसा. मले माझ्या पोरीचं ऐकू द्या."

पंजाबराव बसले. त्यांना कोणी बसायला सांगितलं आणि ते बसले, असं फारसं कधी झालं नव्हतं.

मग रेनाटाबाईंनी सांगितलं आणि सलोनीनं मराठीत आणलं. शब्द अडला की ती विचारून घ्यायची, पण गाळत काही नव्हती. सकाळच्या पाळीला जाताना बस थांब्याजवळ सुरभी पडली. रस्त्यावरचा बर्फ काचेसारखा असतो, दिसतच नाही. हॉस्पिटलमधून घरी सोडायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, कारण तिची भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. क्लाउसनं त्याच दिवशी तळमजल्यावरची आपली सुतारकामाची खोली रिकामी केली, यंत्रं गॅरेजमध्ये नेऊन ठेवली आणि तिथं पलंग टाकला. कोणी त्यांना हे करायला सांगितलं नव्हतं. रविवारी एक वेळ जेवायला घालायचं, एवढाच त्यांचा करार.

"पहिल्या आठवड्यात ताप होता तिला," सलोनी सांगत होती. "तापात ती मराठीतच बोले. यांना कळे ना, म्हणून शुद्धीवर आली की त्या विचारायच्या, याचा अर्थ काय, त्याचा काय. तसे शब्द शिकल्या. त्या म्हणतात... काकू, त्या म्हणतात, सर्वांत आधी 'आई' शिकले."

मधुवंतीनं मान हलवली. पुढं सांग, अशी.

"अंघोळ त्याच घालायच्या. डोकं धुवून द्यायच्या. वेण्या घालायला यूट्यूबवर पाहून शिकल्या."

मधुवंतीला ते फोन आठवले. व्हिडिओत नुसता चेहरा, मागं लाकडी भिंत आणि दोन्ही बाजूंना दोन घट्ट वेण्या. तिनं विचारलंही होतं, कोणी घातल्या गं वेण्या इतक्या छान? मीच, असं म्हणाली होती पोरगी. आणि आपण साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरलो, की सुरभी आता वेण्या घालायला लागली म्हणून.

आता रेनाटाबाई सलोनीकडे न पाहता मधुवंतीकडे पाहून बोलत होत्या. त्यांचे डोळे भरले होते. "त्यांनी तुमच्याशी बोलायचा हट्ट धरला होता," सलोनी म्हणाली. "सुरभीताईनं काही दिवसांनी सांगितलं की आईला कळवलं, आई ठीक आहे. त्यांनी विश्वास ठेवला. त्या माफी मागताहेत. म्हणतात, मीही आई आहे, मी स्वतः फोन करायला पाहिजे होता."

"म्हणजे त्याइलेही फसवलं भवानीनं," मधुवंती म्हणाली.

ती उठली. घागरीतलं पाणी घेऊन तिनं तोंडावर मारलं. मग पिशवीतून साडी, नारळ आणि गव्हाची पुडी काढली. खाटेसमोर पाट मांडला आणि रेनाटाबाईंचा हात धरून त्यांना त्यावर बसवलं. पंजाबरावांनी खिशातला भाषणाचा कागद अर्धा काढला होता, तो पुन्हा आत सारला.

"सलोनी, आता माझं सांग त्याइले. आहे तसंच सांगजो." ती रेनाटाबाईंच्या समोर मांडी घालून बसली. "मी सकाळपासून तुमचे आभार मानाले तयार होती. मोज्याचे, सूपाचे, दिवाळीच्या मेणबत्त्याचे. बरं झालं मानले नाई. कायचे आभार मानायचे हेच मले ठाऊक नव्हतं."

सलोनीनं सांगितलं.

"मी जिती असताना दुसऱ्या बाईनं माझ्या पोरीचं डोकं धुतलं, हे ऐकून मले वाईट वाटलं. खोटं कायले बोलू? अजूनही वाटते. ते काम माझं होतं. पण मी तिथं नव्हती अन् तुम्ही होत्या. तुमाले कोणी सांगतलं नव्हतं, तुमचं नातं नव्हतं, भाषा नव्हती. तरी केलं. तुम्ही केलं म्हणून माझी पोरगी परक्या गावात पडली, पण परक्याइत नाई पडली. माफी तुम्ही मागू नका. मले ते परतही करता येणार नाई अन् करायचंही नाई. फक्त आता मले माहीत आहे. बस."

तिनं कुंकू लावलं, ओटीत गहू आणि नारळ घातला, साडी मांडीवर ठेवली. रेनाटाबाईंना पुढं काय करायचं ते कळेना. त्यांनी ओटीसकट पुढं वाकून मधुवंतीला मिठी मारली, आणि निम्मे गहू जमिनीवर सांडले. रत्नप्रभाबाई पदरानं डोळे पुसत पुढं आल्या आणि ते वेचू लागल्या. मधुवंतीनं त्यांचा हात धरून थांबवलं. "राहू द्या, मामीजी. पाखरं खातीन." एवढंच बोलणं झालं, पण सासूचा जीव भांड्यात पडला.

जेवणं सुरू झाली. क्लाउसनं रोडगा कुस्करून त्यात तूप ओतून घ्यायची रीत एका घासात शिकून घेतली. पंजाबराव त्याच्या शेजारीच बसले होते. मग लेकीकडे न पाहता म्हणाले, "विचार याले. त्या बर्फावर काही टाकत नाईत का लोकं?"

सलोनीनं विचारलं. "मीठ टाकतात म्हणे. पण सकाळी लवकर निघालं तर कधी टाकलेलं नसते."

"अन् मंग?"

"खाली खिळे असलेले जोडे मिळतात. ताईनं तेव्हा घेतले नव्हते."

पंजाबरावांनी वरणाचा भुरका मारला. "तू जाशीन तं पहिले जोडे घेजो," ते म्हणाले. "बाकीचं मागून."

सलोनीचा घास हातातच राहिला. मधुवंतीनं तिच्याकडे पाहून नुसती भुवई उडवली आणि पंजाबरावांच्या पानात आणखी एक रोडगा ठेवला. ते नको म्हणाले नाहीत.

ताटं उचलून झाल्यावर मधुवंतीनं हात पुसले आणि रेनाटाबाईंकडे त्यांचा नंबर मागितला. "यापुढं काही झालं तर मधात कोणी नको. तुम्ही अन् मी. भाषा नसली तरी चालते, मी समजून घेईन." मग तिनं तिथूनच, रेनाटाबाईंना शेजारी बसवून, सुरभीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे अजून सकाळच होती. सुरभी हॉस्पिटलच्या गणवेशात, कपडे बदलायच्या खोलीत होती. पडद्यावर दोघींचे चेहरे शेजारी शेजारी पाहून ती आनंदानं ओरडली. "आई! जेवल्या का सगळे? रोडगे आवडले का त्याइले?"

"पाय दाखव," मधुवंती म्हणाली.

"काय?"

"पाय दाखव, सुरभी."

"कोणता पाय?"

"जो मोडला तो."

सुरभीनं रेनाटाबाईंकडे पाहिलं, मग मागं उभ्या असलेल्या बापाकडे. कोणीच तिच्या मदतीला आलं नाही. तिचा चेहरा बारीक झाला. "आई, मी..."

"ते मागून. तू रडशीन, मी रडीन अन् तुझी ड्युटी राहीन. फोन ठेव कुठंतरी टेकवून, अन् पाय दाखव."

फोन कपाटावर टेकवला गेला. पँटचा पाय वर सरकला. गुडघ्याखाली एक व्रण होता, फिकट गुलाबी, नीट बसलेला. मधुवंतीनं फोन डोळ्यांजवळ नेऊन तो पाहिला, पुन्हा पाहिला.

"आता चाल."

"अवं आई, इथं लोकं..."

"चाल म्हणलं ना."

सुरभी चालली. कपाटांच्या रांगेमधून पार भिंतीपर्यंत गेली, वळली आणि परत आली. कडुनिंबाखाली दोन बायकांची डोकी एका छोट्या पडद्यावर जुळली होती. दोघींचीही नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती, पावलांवर होती.

"आणखी एकदा," मधुवंती म्हणाली. "जल्दी."

सुरभी पुन्हा गेली, या वेळी झपझप. लंगडत नव्हती. पाऊल सरळ पडत होतं, टाच पूर्ण टेकत होती. मधुवंतीनं रेनाटाबाईंकडे पाहिलं. रेनाटाबाईंनी मान डोलावली.

"जाय आता," मधुवंती लेकीला म्हणाली. "कामाले उशीर होईन. अन् आज संध्याकाळी फोन कर. मले सगळं सांग, पडली तिथपासून."